पोलादाचं सोंग



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य, सहकार, पाणीप्रश्न, राज्यघटना अशा विषयांवर मोठमोठी माणसं बोलून गेली आहेत. त्या रांगेत उभा राहून मी यंत्रमानवांच्या मारामारीवर बोलणार, हे कळल्यावर संयोजकांपैकी एकांनी मला फोन केला आणि ‘विषय नक्की हाच ना?’ असं पुन्हा एकदा विचारून घेतलं. नक्की हाच. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते सर दिवसा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसून पोरांच्या लढती बघायचे. विज्ञान आणि आखाडा या दोन्हींत रमणाऱ्या माणसाच्या स्मृतीला हा विषय जड जाणार नाही, अशी माझी समजूत आहे.

चित्रपटाचं नाव ‘रिअल स्टील’. 2011 साली आला. दिग्दर्शक शॉन लेव्ही. बापाच्या भूमिकेत ह्यू जॅकमन, मुलाच्या भूमिकेत डकोटा गोयो. इथे बसलेल्या तरुण मंडळींपैकी काहींनी तो लहानपणी टीव्हीवर पाहिला असेल आणि ‘रोबोंचा पिक्चर’ एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं असेल. ज्येष्ठांपैकी फार थोड्यांनी पाहिला असेल, म्हणून गोष्ट थोडक्यात सांगतो.

काळ 2020 चा, म्हणजे चित्रपट बनला तेव्हाच्या अगदी नजीकच्या भविष्याचा. माणसांचं बॉक्सिंग संपलं आहे. रिंगणात सात-आठ फुटी यंत्रमानव लढतात आणि माणसं बाहेरून ते चालवतात. चार्ली केंटन हा एकेकाळचा बॉक्सर. आता जुनेपाने रोबो ट्रकमध्ये घालून तो जत्रेजत्रेत हिंडतो. सुरुवातीलाच एका जत्रेत तो आपला रोबो चक्क बैलासमोर उतरवतो, क्षणभर त्याचं लक्ष भलतीकडे जातं आणि बैल त्या यंत्राची वाट लावतो. चार्ली पैज हरतो आणि पैसे न देताच पळ काढतो. नायकाची ओळख करून देण्याची ही पद्धत मला आवडते. हा माणूस कर्जबाजारी आहे, बेभरवशाचा आहे आणि मुख्य म्हणजे त्याचं लक्ष जागेवर नाही, हे पाच मिनिटांत कळतं.

तेवढ्यात त्याला निरोप येतो, की पूर्वीची मैत्रीण वारली आणि तिच्यापासून झालेला अकरा वर्षांचा मुलगा, मॅक्स, याच्या ताब्याचा निर्णय कोर्टात व्हायचा आहे. मुलाच्या मावशीला, डेब्राला, तो हवा आहे. मावशीचा नवरा मार्व्हिन गडगंज श्रीमंत आहे. चार्लीला मुलगा नको आहे, पण मार्व्हिनच्या अंगावरचे कपडे बघून त्याला हिशेब सुचतो. तो मार्व्हिनला बाजूला घेतो आणि एक लाख डॉलरवर सौदा ठरवतो. निम्मे आगाऊ, निम्मे नंतर. अट एवढीच, की मावशी आणि तिचा नवरा परदेशी फिरायला जाणार असल्याने उन्हाळाभर पोरगं चार्लीने सांभाळायचं.

कुटुंबाने एकत्र बसून बघायचा म्हणून विकलेल्या चित्रपटात बाप मुलाला विकतो, तेही रीतसर भाव ठरवून, आणि पटकथा त्यावर कसलाही गुलाबी पडदा टाकत नाही. याहून धीट प्रसंग पुढच्या दोन तासांत नाही. मॅक्सला हे कळायला वेळ लागत नाही. पण तो रडत नाही. मला विकलंस ना, मग त्यातला माझा अर्धा वाटा दे, असं म्हणून बापाच्या ट्रकच्या किल्ल्या हातात धरून तो अडून बसतो. पैसे तर चार्लीने केव्हाच नव्या रोबोत घातलेले असतात.

इथून पुढे बाप-लेकाची नेहमीची उतरंड उलटी होते. क्रीडापटांत आपल्याला सवय असते ती पालकांच्या जिद्दीची. ‘दंगल’ घ्या. बापाचं अपुरं राहिलेलं पदक मुलींच्या अंगावर येतं, त्यांचे केस कापले जातात, पहाटे त्यांना पळवलं जातं. हॉलिवुडमध्ये याच घराण्यातला जुना चित्रपट म्हणजे किंग व्हिडोरचा ‘द चॅम्प’, 1931 सालचा. त्यात दारूडा बॉक्सर आणि त्याचा जीव लावणारा मुलगा आहे. 1979 साली झेफिरेलीने तो पुन्हा केला. त्यातला मुलगा बापावर माया करतो, त्याला सांभाळून घेतो, पण अखेर बाप मुलासाठी लढतो आणि त्यातच संपतो. ‘रिअल स्टील’मध्ये मात्र स्वप्न बघणारा अकरा वर्षांचा आहे आणि ज्याच्या अंगावर ते स्वप्न लादलं जातं तो चाळिशीतला. लढती ठरवताना घासाघीस करतो तो मॅक्स. व्हिडिओ गेम खेळून आलेल्या जपानीत रोबोला हुकूम देतो तो मॅक्स. विश्वविजेत्याला भर स्टेडियममध्ये माइकवरून आव्हान देतो तोही मॅक्सच. चार्ली मागून डोकं धरून चालत असतो.

आता मूळ कथेकडे वळतो, कारण मला जे सांगायचंय ते या दोन कृतींच्या मधल्या जागेत आहे. रिचर्ड मॅथिसन या लेखकाची ‘स्टील’ ही कथा 1956 साली ‘द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन’मध्ये छापून आली. मॅथिसन म्हणजे ‘आय ॲम लेजंड’चा लेखक. स्पिलबर्गने अगदी उमेदीच्या काळात, 1971 साली, टीव्हीसाठी केलेला ‘ड्युएल’ही त्याच्याच लिखाणावरचा. पुढे हाच स्पिलबर्ग ‘रिअल स्टील’च्या कार्यकारी निर्मात्यांत होता, तेव्हा मॅथिसनचं हे ऋण तसं जुनंच. 1963 च्या ऑक्टोबरमध्ये ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेत ‘स्टील’वर एक भाग झाला. पटकथा मॅथिसननेच लिहिली आणि प्रमुख भूमिका ली मार्व्हिनने केली.

कथा लहान आहे. ‘स्टील’ केली हा माजी बॉक्सर आणि पोल हा त्याचा मेकॅनिक एका गावाला येतात. सोबत चाकांवरून ढकलत आणलेला, कापडाखाली झाकलेला यंत्रमानव. त्याचं नाव बॅटलिंग मॅक्सो. जुनं मॉडेल, सुटे भाग मिळत नाहीत, तेल गळतं. माणसांच्या बॉक्सिंगवर कायद्याने बंदी आली आहे, त्यामुळे केलीचं पोट याच डबड्यावर. ऐन लढतीआधी मॅक्सोची स्प्रिंग तुटते. लढत रद्द केली तर पैसे नाहीत, आणि पैसे नाहीत तर स्प्रिंग नाही. मग केली स्वतःच मॅक्सोचं सोंग घेतो आणि खऱ्याखुऱ्या पोलादी यंत्रासमोर उभा राहतो. अर्थातच तुडवला जातो. प्रेक्षक हुर्यो उडवतात, कारण त्यांच्या लेखी एक जुनाट मशीन लवकर बंद पडलं. ठरलेल्या पैशांपैकी निम्मेच हाती पडतात. आणि रक्ताने माखलेला केली मॅक्सोच्या दुरुस्तीचे बेत करू लागतो.

या कथेतली सगळ्यात भयंकर गोष्ट मार खाणं ही नाही. माणूस यंत्राविरुद्ध उभा राहिला, हे कुणाला कळतच नाही, ही आहे. सोंग इतकं बेमालूम वठलं, की आतला माणूस हिशेबातच आला नाही. पोलला ठाऊक आहे, पण पोल हा भागीदार. केलीला घर नाही, बायको नाही, मूल नाही. त्याच्याकडे बघणारं कुणी नाही.

1956 ते 2011 या पंचावन्न वर्षांत या गोष्टीत एकच मोठी भर पडली, ती म्हणजे बघणारा मुलगा. आणि त्या मुलाचं नाव काय ठेवलं? मॅक्स. कथेत यंत्राला असलेलं नाव चित्रपटात मुलाकडे आलं. श्रीमंत काकाचं नाव मार्व्हिन, हीसुद्धा ली मार्व्हिनला दिलेली सलामी असावी, असं मला वाटतं. पण ते सिनेमावेड्यांचं कोडं, सोडून देऊ. मॅक्सो ते मॅक्स हे मात्र मी सहज सोडून देणार नाही. कथेतला केली ज्याच्यासाठी रिंगणात उतरतो ते यंत्र आहे. चित्रपटातला चार्ली ज्याच्यासाठी उतरतो तो मुलगा आहे.

दुसरा बदल कमी दिसतो, पण मला तो जास्त बोचतो. मॅथिसनच्या जगात बॉक्सिंग बंद पडतं ते कायद्याने. आणि कथेचा टीव्हीवरचा भाग आला तोवर ही कल्पना नुसती हवेतली राहिली नव्हती. 1962 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला एमिल ग्रिफिथशी लढताना बेनी पारेट कोसळला. लढत टीव्हीवर थेट दाखवली जात होती. तो दहा दिवसांनी गेला. वर्षभरात लॉस एंजलीसला डेव्ही मूर लढतीनंतर गेला. त्याच वर्षी ‘ट्वायलाइट झोन’मध्ये हा भाग आला. बॉक्सिंगवर बंदी घाला असं म्हणणारी माणसं तेव्हा खरोखरच होती. म्हणजे त्या कल्पनेतल्या भविष्याच्या मुळाशी थोडीफार दया होती, माणसं मरू नयेत अशी इच्छा होती. ‘रिअल स्टील’मध्ये चार्ली मुलाला जे कारण सांगतो ते वेगळंच आहे. लोकांना आणखी मारामारी हवी होती, हात तुटलेले, मुंडकी उडालेली बघायची होती. माणसाचं शरीर तेवढं देऊ शकत नव्हतं, म्हणून यंत्रं आली. बंदी कुणी घातलीच नाही. माणूस कमी पडला, एवढंच. आपल्या आजूबाजूला माणसांची कामं यंत्रांकडे जाताना बघितली, तर कायद्याने गेलेली किती आणि ‘माणूस कमी पडला’ म्हणून गेलेली किती, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

म्हणून मी चार्लीला प्रथम बेकार कामगार मानतो, मग बाप. त्याचा हुन्नर त्याच्या खांद्यांत, कमरेत, पायांच्या चवड्यांत साठलेला आहे आणि बाजारात त्याला भाव नाही. त्याला रोबो नीट चालवता येत नाहीत, कारण रिमोटचा खटका दाबणं हा त्याचा हुन्नरच नव्हे. बैलासमोरची हार, पुढे ‘नॉइझी बॉय’ या महागड्या रोबोची पहिल्याच रात्री झालेली वाताहत, यामागे त्याची हाव आहेच, पण चुकीच्या अवजारावर बसवलेला कारागीरही आहे.

हा चित्रपट मिशिगन राज्यात, बराचसा डेट्रॉइट आणि आसपास चित्रित झाला. याचं व्यवहारी कारण असं, की राज्याने चित्रपटवाल्यांना 2008 पासून घसघशीत करसवलती देऊ केल्या होत्या. पण कारखाने चालू असते, तर राज्याला चित्रपटवाल्यांना बोलवायची वेळ का आली असती? चित्रीकरणाच्या जागांत हायलँड पार्कचा फोर्डचा जुना कारखानाही आहे. 1913 साली मोटारीच्या सरकत्या जुळणीची साखळी ज्या कारखान्यात सुरू झाली, तोच हा कारखाना. पुढच्याच वर्षी तिथे दिवसाला पाच डॉलर मजुरीची घोषणा झाली आणि कामगारांची रीघ लागली. कारागिराचं काम तुकड्यातुकड्यांत कापून पट्ट्यावर ठेवण्याची सुरुवात जिथे झाली, त्या आवारात शंभर वर्षांनी यंत्रं एकमेकांना फोडतायत आणि माणसं भोवती उभी राहून ओरडतायत. बापलेकांना पुढे सापडणाऱ्या ॲटम या रोबोच्या पहिल्या लढतीचा अड्डा ज्या जागेत आहे तिला चित्रपटात ‘झू’ म्हणतात. बेल आइल या बेटावरचं बंद पडलेलं प्राणिसंग्रहालयही चित्रीकरणासाठी वापरलं होतं. चित्रपट पडद्यावर आल्यानंतर दोनच वर्षांनी, 2013 च्या जुलैमध्ये, डेट्रॉइट शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. शहराच्या या पडझडीबद्दल चित्रपटात कुणी बोलत नाही. पण भिंतींचे पोपडे दिसतातच.

ॲटम मिळतो तो भंगारात. रात्र, पाऊस, आणि बापलेक सुटे भाग चोरायला भंगाराच्या डेपोत शिरलेले. मॅक्सचा पाय घसरतो, तो कड्यावरून खाली जातो आणि चिखलातून बाहेर आलेल्या एका धातूच्या हाताला अडकून वाचतो. चार्लीला त्या हाताशी कर्तव्य नाही, त्याला मुलगा वर आला एवढं पुरे. मॅक्स मात्र हटून बसतो आणि एकटाच रात्रभर चिखल उपसून ते अख्खं धूड बाहेर काढतो. धुतल्यावर दिसतं काय? जाळीचा चेहरा, आत दोन निळे दिवे, आणि जाळी फाटून शिवल्यासारखी झालेली, त्यामुळे तोंडावर कायमचं वाकडं हसू. हा लढायला बनवलेला रोबोच नाही. दुसऱ्या रोबोंच्या सरावासाठी, त्यांचा मार खाण्यासाठी बनवलेलं जुन्या पिढीचं मॉडेल आहे.

आपल्याकडच्या तालमीत हा माणूस तुम्ही पाहिलेला आहे. नावाजलेल्या पैलवानाला सरावाला जोड लागते. रोज त्याच्याशी अंगाला माती लावून उतरायचं, त्याचे डाव अंगावर घ्यायचे, शंभरदा पाठीवर पडायचं आणि मैदानाच्या दिवशी कपडे सांभाळत कडेला बसायचं. इनाम, गदा, फेटा, फोटो सगळं दुसऱ्याचं. पण त्या पैलवानाचा एकेक डाव कुठून सुटतो आणि कुठे अडतो, हे या जोडीदाराइतकं कुणालाच ठाऊक नसतं. ॲटम तसा आहे. मार खाणं हेच त्याचं शिक्षण झालंय, त्यामुळे तो मोडत नाही. आणि त्याच्यात एक जुनी सोय शिल्लक आहे, शॅडो मोड. समोरचा माणूस जे करेल ते बघून तसंच करायचं.

मॅक्स ही सोय पहिल्यांदा वापरतो ती नाचायला. पोरगं हात वर करतं, रोबो हात वर करतो. पोरगं कंबर हलवतं, साडेसात फुटांचं लोखंड कंबर हलवतं. इथे प्रेक्षक हसतात आणि हसायलाच हवं. पण नीट बघा, या पोराकडे आजवर कुणी इतकं लक्ष देऊन पाहिलेलं नाही. आई गेली, बापाने विकलं, मावशी फिरायला गेली. हे यंत्र त्याच्यावरून नजर काढत नाही. यंत्राला कळतं का, त्याला आतून काही वाटतं का, हा प्रश्न चित्रपट अधूनमधून उकरतो. आरशासमोर ॲटम एकटा उभा राहतो, मॅक्स त्याला तुझं गुपित माझ्याजवळ सुरक्षित आहे अशा अर्थाचं काहीतरी सांगतो. उत्तर दिलेलं नाही आणि ते बरं केलं. रोबोला भावना आहेत असं एकदा ठरलं असतं, तर बापाची सुटका झाली असती. मुलाला प्रेम करणारं कुणीतरी मिळालं, आता बाप असला काय आणि नसला काय.

तेव्हा चार्लीला परत यावं लागतं. मॅक्सच्या हट्टापायी तो ॲटमला बॉक्सिंग शिकवायला उभा राहतो. अंगावरची चरबी, गुडघ्यातली कुरकुर, कित्येक वर्षं न उचललेले हात. तो ठोसा मारतो, यंत्र ठोसा मारतं. तो वाकतो, यंत्र वाकतं. या दृश्यासाठी, आणि सगळ्याच लढतींसाठी, शुगर रे लेनर्डला सल्लागार म्हणून घेतलं होतं. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, पुढे अनेक वजनगटांत विश्वविजेता. लढतींतले रोबो खऱ्या माणसांच्या हालचाली टिपून त्यावर उभे केले, आणि जवळून दिसणारे रोबो लेगसी इफेक्ट्स या संस्थेने खरोखरच माणसाहून उंच, हलणारे असे बनवले, म्हणजे बालकलाकाराला हिरव्या पडद्याकडे बघून डोळ्यांत पाणी आणावं लागू नये. दृश्यपरिणामांसाठी चित्रपटाला ऑस्कर नामांकन मिळालं. पुरस्कार ‘ह्यूगो’ने नेला. यातून एक गंमत अशी होते, की पडद्यावर ॲटम जो ठोसा मारतो तो कुण्या हाडामांसाच्या बॉक्सरने आधी हवेत मारलेला असतो. लोखंड खरवडलं तर आत पुन्हा माणूसच. केलीने मॅक्सोच्या पत्र्यात शिरावं तसाच.

आता शेवटची लढत. समोर झ्यूस, कधी न हरलेला, स्वतः शिकणारा, अब्जावधींच्या तंत्रज्ञानाचा. त्याला बनवणारा टाक माशिदो आणि त्याची मालकीण फारा लेमकोवा, एक जपानी नावाचा आणि एक रशियन. जपानी मोटारींनी डेट्रॉइट बुडवलं, ही अमेरिकेतली जुनी कुरकुर आणि शीतयुद्धातला जुना खलनायक, दोघांना एकाच कॅबिनमध्ये बसवलंय. हे मला स्वस्त वाटतं आणि त्यावर जास्त वेळ घालवत नाही. लढतीची मांडणी मात्र पक्की बॉक्सिंगची आहे. 1974 साली किन्शासात महंमद अलीने जॉर्ज फोरमनचे ठोसे दोरांना टेकून अंगावर घेतले, त्याला दमवला आणि आठव्या फेरीत पाडला. चार्ली ॲटमकडून तेच करून घेतो. मार खाण्यासाठीच बनवलेलं यंत्र मार खातं, आणि झ्यूसची ऊर्जा संपत जाते.

मग ॲटमची आवाज ओळखणारी यंत्रणा फुटते. आता हुकूम देता येत नाही. उरतो तो शॅडो मोड. चार्लीने रिंगणाच्या कडेला उभं राहून, हजारो लोकांसमोर, हवेत लढायचं, आणि आत ॲटमने तेच करायचं. चार्ली कचरतो. माणसांचं बॉक्सिंग संपलेल्या जगात माणसाने सगळ्यांसमोर बॉक्सिंग करायचं. मुलगा ऐकत नाही. त्याआधीच्या एका भांडणात मॅक्सने बापाला सांगितलेलं असतं, की मला तुझ्याकडून दुसरं काही नको होतं, तू माझ्यासाठी लढायला हवं होतंस. कोर्टात जे बापाने केलं नाही, ते आता हवेत हात मारून करायचं आहे.

आणि दिग्दर्शक इथे शहाणपणा दाखवतो. कॅमेरा लढतीवर कमी राहतो. तो मॅक्सच्या चेहऱ्यावर जातो. गर्दीचा आवाज मागे पडतो, गती मंदावते. रिंगणात जगातली सगळ्यात महागडी मारामारी चालू असताना हा पोरगा तिकडे बघत नाही, बापाकडे बघतो. त्याने बापाला बॉक्सर म्हणून कधी पाहिलेलंच नसतं. जन्मापासून पाहिलेलं नव्हतं, आणि उन्हाळाभर पाहिला तो रिमोट घेऊन हरणारा एक माणूस. आज पहिल्यांदा त्याला दिसतं, की या माणसाला एक गोष्ट येते, आणि ती फार सुंदर येते.

माझं म्हणणं एवढंच आहे. मॅथिसनच्या कथेत माणूस यंत्राचं सोंग घेतो आणि म्हणून कुणाला दिसत नाही. चित्रपटात यंत्र माणसाचं सोंग घेतं आणि त्यामुळे माणूस दिसतो. रोबो नसता तर चार्लीचं अंग पुन्हा कुणासमोर हललंच नसतं. ज्या यंत्रांनी त्याचं काम नेलं, त्यांच्यातल्याच एका भंगारातल्या यंत्राने त्याचं काम मुलापुढे आणून ठेवलं. आपल्यापैकी ज्यांचे वडील गिरणीत, छापखान्यात, लेथवर होते आणि ते काम नंतर उरलं नाही, त्यांनी स्वतःला विचारून बघावं, की आपण वडिलांना काम करताना पाहिलंय का. घरी आलेले दमलेले वडील पाहिले, पेन्शनच्या खेपा घालणारे पाहिले. पण यंत्रासमोर उभे असलेले, हात सराईत चाललेले वडील किती जणांनी पाहिले?

निकालाबाबत चित्रपट ‘रॉकी’चीच वाट धरतो. वेळ संपते, नॉकआउट होत नाही, पंच गुणांवर झ्यूसला विजयी करतात आणि लोक ॲटमला डोक्यावर घेतात. जिंकून दिलं असतं तर बघवलं नसतं.

चित्रपटाने जगभरात जवळपास 30 कोटी डॉलर मिळवले, खर्च सुमारे 11 कोटींचा. त्यातला मोठा हिस्सा अमेरिकेबाहेरचा. शॉन लेव्ही हे बाप-मुलाचं दुखणं पुढेही उगाळत राहिला, 2022 च्या ‘द ॲडम प्रोजेक्ट’मध्ये तर त्याने कालप्रवास करून मुलाला मेलेल्या बापापर्यंत पोहोचवलं. आणि यंत्रांच्या मारामारीसाठी खऱ्या जगानेही फार वाट पाहायला लावली नाही. 2025 च्या मे महिन्यात चीनमधल्या हांगझोऊला युनिट्री कंपनीच्या माणसासारख्या रोबोंची बॉक्सिंग स्पर्धा झाली. सव्वाचार फुटी, पस्तीस किलोंच्या आसपासचे, हातात ग्लोव्ह्ज, डोक्याला शिरस्त्राण. ते ठोसे शिकले कसे? माणसांच्या हालचालींच्या नोंदींवरून. आणि रिंगणाबाहेर रिमोट घेऊन माणसं उभी. आपल्या पवईच्या आयआयटीत टेकफेस्टला रोबोवॉर बघायला जी पोरं जातात, त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

चित्रपटाबद्दलच्या तक्रारी सांगितल्याशिवाय मला खाली बसवणार नाही. आई कॅरोलाइन ही मरण्यापुरतीच आहे. अकरा वर्षं ज्या बाईने एकटीने मूल वाढवलं, तिचा साधा एक फोटोही मुलाच्या हातात नीट दाखवत नाहीत. मुलाच्या तोंडी तिची आठवण जवळजवळ नाहीच. बापाशी नातं जुळावं म्हणून आईला इतकं पुसून टाकायची गरज नव्हती. बेली टॅलेट, चार्लीच्या उस्तादाची मुलगी, बापाची जिम एकटीच चालवते, रोबो दुरुस्त करते. वारसा म्हणजे काय हे या चित्रपटात खरं तर तिला सगळ्यात जास्त कळलेलं आहे. बापाचं काम बुडालं तरी तिने कुलूप लावलेलं नाही. पण तिला काम काय, तर चार्लीवर विश्वास ठेवणं आणि त्याच्या जुन्या लढतीची गोष्ट मॅक्सला सांगणं. मला तिच्यावर वेगळा चित्रपट बघायला आवडेल.

आणि डेब्रा. मावशीला पटकथेने उगीच थंड, श्रीमंत घरातली बाई करून ठेवलंय. पण हिशेब मांडा. आई गेल्याबरोबर मुलाची जबाबदारी घ्यायला तीच पुढे आली. बापाने पैसे घेतले, पोराला अड्ड्याअड्ड्यांवर फिरवलं, गुंडांनी पोरादेखत बापाला बडवून पैसे लुटले. आणि तरी शेवटच्या लढतीसाठी चार्ली दारात येतो तेव्हा ती एका रात्रीपुरतं मॅक्सला त्याच्याबरोबर जाऊ देते. कागदोपत्री ताबा तिच्याकडेच आहे. एक लाखाचा सौदा कुणी रद्द केलेला नाही. बापलेकांची मिठी पडते, दिवे लागतात आणि चित्रपट संपतो. दुसऱ्या दिवशी मॅक्स कुणाच्या घरी जाणार, शाळेत त्याचं नाव कोण घालणार, याचं उत्तर पटकथेकडे नाही.

संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी वीस मिनिटं राखून ठेवली आहेत. सभागृहात कौटुंबिक न्यायालयात काम करणारे एक-दोन वकील मला दिसतायत. डेब्राची बाजू त्यांनी मांडावी, अशी माझी विनंती आहे. चार्लीच्या बाजूने बोलायला इथे बरेच जण तयार असतील, त्यांनी कृपया दुसऱ्या माइकवर यावं.